जुन्या पिकअपला नवे आयुष्य देताना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावांत गोठ्याच्या बाजूला किंवा जुन्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली जीप अथवा पिकअप हे नवलाचे दृश्य नाही. कधीकाळी तिने दुधाचे कॅन वाहिले, आठवड्याच्या बाजाराला भाजी नेली, लग्नाचे वऱ्हाड पोहोचवले आणि उरलेल्या वेळी वडाप म्हणून चार पैसे मिळवून दिले. पुढे नवी गाडी आली आणि जुनी बाजूला पडली. भंगारवाला वजनाच्या भावाने मागतो. घरच्यांना ती विकवत नाही. अशा वेळी घरातला एखादा तरुण ठरवतो, ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची.

हा बेत अशक्य नाही. सुट्या भागांचा बाजार आहे, जाणते मिस्त्री आहेत, यंत्राशी दोस्ती असलेला हा मुलूख आहे. मात्र पहिला बोल्ट खोलण्यापूर्वीच एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे लागते: गाडी मूळ रूपात परत आणायची, की आपल्या मनासारखी नवी घडवायची? वरवर हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात खर्च, सुरक्षितता आणि कायदा या तिन्हींची दिशा त्याच उत्तरावर ठरते.

ही वाहने आली कोठून

महिंद्रा कंपनीची स्थापना १९४५ मध्ये झाली आणि १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू झाली. युद्धासाठी घडवलेले हे वाहन स्वातंत्र्यानंतर सरकारी खात्यांकडून साखर कारखान्यांकडे आणि तेथून बागायतदारांच्या दारात पोहोचले. उंच बॉनेटची सीजे-३बी ही त्यातली सर्वांत परिचित जात. तिच्या ‘हरिकेन’ या चार सिलिंडरच्या, सुमारे २२०० घनसेंटिमीटर क्षमतेच्या पेट्रोल इंजिनाची रचना वेगळी आहे. आत हवा घेणाऱ्या झडपा वरच्या हेडमध्ये, तर धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा खालच्या ब्लॉकमध्ये असतात. इंजिन उंच झाल्यामुळेच बॉनेटही उंच करावे लागले.

मालवाहतुकीसाठी साठच्या दशकात चपट्या नाकाची एफसी-१५० आणि तिच्यानंतर एफसी-१६० आली. बजाज टेम्पोच्या मॅटाडोरने ग्रामीण महाराष्ट्रात स्वतःचे स्थान निर्माण केले. पुढे डिझेल इंजिनाच्या एनसी-६४० सारख्या पिकअप आल्या आणि १९८८ मध्ये टाटांनी टाटामोबाईल २०६ बाजारात आणली. आज ‘जुनी पिकअप’ म्हणून जे काही अंगणात सापडते, ते बहुतेक याच घराण्यांपैकी असते.

या गाड्या इथे दीर्घकाळ टिकल्या, त्यालाही कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना सुरू केला. नांगर, पंप आणि पुढे डिझेल इंजिने यांच्या निमित्ताने ओतकाम, लेथ आणि फिटिंग यांचे ज्ञान कारखान्याच्या भिंती ओलांडून गावोगावच्या वर्कशॉपपर्यंत गेले. शेतावरचे पंपाचे इंजिन बांधणारा मिस्त्री जीपच्या इंजिनाला बिचकत नाही. घरी काम करणाऱ्या हौशी माणसाचा खरा आधार हाच आहे.

आधी कागद, मग पाना

गाडी आजोबांच्या नावावर असते, आजोबा हयात नसतात आणि आरसी बुक सापडत नाही, ही नेहमीची अडचण होय. म्हणून हत्यारे बाहेर काढण्यापूर्वी चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक घासून स्वच्छ करावेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि ते कागदांवरील क्रमांकांशी जुळतात का, हे पाहावे. जुन्या काळात इंजिन बदलून त्याची नोंद न करण्याची सवय सर्रास होती. पेट्रोल परवडेना म्हणून अनेक जीपमध्ये डिझेल इंजिन बसवले गेले; पुस्तकात मात्र ‘पेट्रोल’च राहिले. अशी गाडी कितीही सुंदर रंगवली तरी तपासणीच्या दिवशी अडते.

सांगलीचा एमएच-१०, साताऱ्याचा एमएच-११ आणि कराडचा एमएच-५० या परिवहन कार्यालयांपैकी गाडी जिथे नोंदलेली असेल, तिथे वारस नोंद, थकीत कर आणि नोंदणीची मुदत यांची चौकशी आधी करावी. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते. त्यानंतर तपासणी करून ती एका वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. पर्यावरण करही भरावा लागतो. पिकअपबाबत आणखी एक गुंता असतो. ती बहुधा मालवाहू म्हणून नोंदलेली असते. मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि गाडीचे वय वाढले की ते दरवर्षी घ्यावे लागते. हौसेसाठी ठेवलेल्या गाडीवर हा व्याप नको असेल, तर ती खासगी वर्गात बदलून मिळेल का, हे सुरुवातीलाच विचारलेले बरे.

चासीवरचा क्रमांक गंजाने पुसट झाला असेल, तर तो स्वतः ठोकून उठावदार करण्याचा मोह टाळावा. क्रमांकाशी छेडछाड झाल्याचा संशय आला, की प्रामाणिक मालकही अडचणीत येतो.

पाऊस, धूळ आणि महापूर

गाडी कुठे उभी होती, यावरून तिचे दुखणे बरेचसे ओळखता येते. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या पावसात राहिलेल्या गाडीचा पत्रा वरून ठीक दिसला तरी पायाखालची फळी, हौद्याचा तळ आणि चासीचे आतले पोकळ भाग गंजलेले असतात. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागातील गाडीचे लोखंड अनेकदा उत्तम असते. पण उन्हाने रबर तडकलेले, वायरींचे आवरण ठिसूळ झालेले आणि प्रत्येक सांध्यात धूळ बसलेली असते. निवड करण्याची संधी असेल, तर दुष्काळी भागातली गाडी अधिक फायद्याची. रबर विकत मिळते, निरोगी चासी मिळत नाही.

कृष्णाकाठची गोष्ट आणखी निराळी आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणीपातळी ५७ फुटांवर गेली होती. पुरात बुडालेल्या गाडीचे इंजिन ‘बघू तरी’ म्हणून फिरवणे ही मोठी चूक ठरते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेप्रमाणे दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग किंवा नोझल काढावेत, इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही अ‍ॅक्सलमधील तेल खाली सोडावे. दुधाळ चहासारखे तेल निघाले, तर आत पाणी गेले हे निश्चित. मग प्रत्येक बेअरिंग खोलून गाळ धुण्याला पर्याय नसतो.

गंजाशी गाठ

खोलण्याच्या कामाला शिस्त हवी. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र, प्रत्येक सांध्याचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. सहा महिन्यांनी जोडणी सुरू होते, तेव्हा स्मरणशक्ती कामी येत नाही. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नये. भक्कम घोडीवर टेकवावी. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवर काम करतो. शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढूनही गाडी मोकळीच राहते. म्हणून चाकांना उटी लावल्याशिवाय शाफ्टला हात लावू नये.

चासी सरळ आहे का, हे पाहण्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. सपाट फरशीवर गाडी टेकवून चासीच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या बिंदूंवरून ओळंबा सोडावा, जमिनीवर खुणा कराव्यात आणि कर्ण मोजावेत. दोन्ही कर्ण सारखे भरले तर चासी चौकात आहे. फरक ठळक असेल, तर गाडी कधीतरी आदळलेली असते. मग पुढचा खर्च करण्यापूर्वी जाणकाराला दाखवावे.

लहान भागांवरचा गंज काढण्यासाठी किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व उपयोगी पडते. दहा लिटर पाण्यात साधारण अर्धा किलो विरघळवून भाग काही तास बुडवून ठेवला की गंज सुटतो. नंतर तो सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून लगेच प्रायमर द्यावा, अन्यथा उघडे लोखंड पुन्हा गंज धरते. साखर कारखान्याच्या मळीचे द्रावणही जगभर याच कामासाठी वापरले जाते; मात्र आपल्याकडे मळीवर सरकारी नियंत्रण असल्याने ती घरी आणणे सोपे नाही. पाटे आणि कडक पोलादाचे बोल्ट आम्लात बुडवू नयेत, कारण त्याने पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो.

पत्रा कुजला असेल तेथे तो कापून त्याच जाडीचा नवा तुकडा जोडणे हाच खरा इलाज. भोकावर पुट्टी थापली की दोन पावसाळ्यांत फुगवटा येतो आणि आतला गंज आणखी पसरलेला असतो. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. कोरडा घासल्यास ती धूळ घरातल्या लहान मुलांपर्यंत जाते. म्हणून पाणी लावून घासावा. इंधनाची टाकी रिकामी दिसली तरी तिला घरी वेल्डिंग करू नये. आत राहिलेली वाफ ठिणगीने स्फोट घडवते.

इंजिन: घाई नडते

वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन थेट सेल्फ मारून फिरवू नये. प्लगच्या भोकांतून थोडे तेल सोडून दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि मग हाताने हँडल मारून पाहावे. मोकळे फिरले, तर प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. सर्वांचा दाब जवळपास सारखा असेल तर इंजिन पूर्ण न खोलताही चालू होऊ शकते. एखाद्याचाच दाब कमी असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढला तर बहुधा झडपांचा दोष आहे. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, झडपांच्या सीट बसवणे ही कामे वर्कशॉपचीच. जोडणी मात्र संयम असेल तर घरी होऊ शकते.

पेट्रोल इंजिनाच्या मालकांना नव्या काळातील एका बदलाची दखल घ्यावी लागते. शिसेयुक्त पेट्रोल देशातून २००० मध्ये हद्दपार झाले आणि २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. ज्या उसाने या भागाला गाड्या घेण्याची ऐपत दिली, त्याच उसाचे इथेनॉल जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा मऊ करून टाकते. इथेनॉल हवेतील ओल शोषते, त्यामुळे बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवणे, हौसेची गाडीही अधूनमधून चालवणे आणि जुने इंधन साठवून न ठेवणे हाच त्यावरचा उपाय.

घाट उतरण्यापूर्वी

रंगाला पैसे उरतील न उरतील, ब्रेकला आधी काढून ठेवावेत. साताऱ्याहून पुण्याकडे खंबाटकी, वाईहून पाचगणीकडे पसरणी, कराडहून चिपळूणकडे कुंभार्ली. या भागातली गाडी आज ना उद्या घाटात जाणारच. जुन्या जीपच्या ब्रेकची यंत्रणा एकेरी असते. मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांकडे एकच मार्ग जातो. एका चाकाचा वॉशर फाटला किंवा एक नळी फुटली, तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. शिवाय ड्रम ब्रेक उतारावर तापले की त्यांची पकड कमी होते.

म्हणून सर्व रबरी नळ्या, वॉशर आणि ब्रेक ऑइल नवे घालावे. लोखंडी नळ्या गंजलेल्या असतील तर बदलाव्यात. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे ड्रममधील भुकटी हवा मारून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पहिली चाचणी मोकळ्या, सपाट जागी कमी वेगाने घ्यावी, मग लहान चढ-उतारावर, आणि सर्वांत शेवटी घाटात. उतरताना खालचा गिअर वापरण्याची जुन्या चालकांची सवय या गाड्यांसाठी आजही तितकीच आवश्यक आहे.

वायरिंगचे जुने जंजाळ दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवे, फ्यूज असलेले वायरिंग करणे स्वस्त पडते. उघड्या वायरीमुळे आग लागण्याचा धोका त्याने टळतो.

हौसेची मर्यादा

रुंद टायर, लांबवलेली चासी, दुसऱ्या गाडीचे ताकदवान इंजिन, पुढे लोखंडी गार्ड. ‘मॉडिफाय’ केलेल्या गाड्यांची चित्रे पाहून अशी स्वप्ने रंगतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने २०१७ मध्येच हरकत घेतली आहे.

तरीही हौसेला जागा उरतेच. गाद्या, खालची मॅट, आतली सजावट, हुडाचे कापड, हौद्याच्या तळाच्या लाकडी फळ्या, मूळ मापाचा नवा फाळका यांत कल्पकता दाखवता येते. रंग बदलता येतो. त्याची नोंद पुस्तकात करून घ्यावी. त्याच जातीचे दुसरे इंजिन बसवायचे झाल्यास किंवा मान्यताप्राप्त संच लावून इंधनाचा प्रकार बदलायचा झाल्यास कायद्यात वाट आहे. त्यासाठी परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि नोंद आवश्यक असते. विमा कंपनीला कळवलेही पाहिजे. न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात नेमका आडवा येतो.

देवराष्ट्रेची जीप

कल्पकता आणि नियम यांची गाठ कशी पडते, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जमवून दुचाकीच्या इंजिनावर चालणारी छोटी जीप घडवली. किक मारून सुरू होणाऱ्या या गाडीला सुमारे ६० हजार रुपये खर्च आल्याचे सांगण्यात आले. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पोहोचली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्या कौशल्याचे मनापासून कौतुक केले. त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नसल्याने ती आज ना उद्या अडवली जाईल, हेही स्पष्ट सांगितले. तिच्या बदल्यात त्यांनी लोहार यांना नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती त्यांच्या दारात आली. जुगाडातून साकारलेली जीप कंपनीच्या संग्रहाकडे गेली.

या घटनेतून कारागिराचा गौरव झाला, तसा नियमाचाही अर्थ स्पष्ट झाला. हात कितीही कसबी असले, तरी रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाचा ब्रेक, स्टिअरिंग आणि सांगाडा यांची खात्री समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालाही हवी असते. बोलेरोसारखा मोबदला प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. हौसेने घडवलेली गाडी अडकवून ठेवली गेली, तर गेलेले पैसे आणि श्रम परत मिळत नाहीत.

पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी

मूळ रूप जपणाऱ्याला मात्र कायद्याने वेगळा मान दिला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी पाच हजार रुपये असे शुल्क ठरले. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात; आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. नोंदणी १० वर्षांसाठी असते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही.

या नियमातली कळीची अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची जीप आज या वयात आलेली आहे. डिझेल इंजिन घातलेली, चासी कापून लांबवलेली तीच जीप मात्र या मानाला मुकते. शिवाय हा नियम वैयक्तिक वापराच्या वाहनांपुरता आहे. त्यामुळे मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपच्या मालकाने वर्गाचा प्रश्न आधी सोडवायला हवा. मूळ इंजिन, जुना कार्ब्युरेटर, डॅशबोर्डवरचे मीटर, कंपनीची पाटी हे भाग भंगारात घालण्यापूर्वी म्हणूनच दहादा विचार करावा. आज निरुपयोगी वाटणारा तो भागच गाडीची ओळख सिद्ध करतो.

घरच्या अंगणात हे काम करू इच्छिणाऱ्याने कामाचा क्रम असा ठेवावा: प्रथम कागद, मग चासी, त्यानंतर ब्रेक आणि स्टिअरिंग, नंतर इंजिन व वायरिंग, सर्वांत शेवटी रंग आणि सजावट. अनेक गाड्या याच्या उलट क्रमाने सुरू होतात आणि चकचकीत रंगासह पुन्हा ताडपत्रीखाली जातात. योग्य क्रमाने निघालेली गाडी मात्र सावकाश का होईना, घाट चढते, आणि तितक्याच भरवशाने उतरतेही.